खुराक चढविण्याची रीत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं पशुवैद्याच्या दारीं गर्दी व्हावी, हा प्रकार आमच्या भागांतील शेतकऱ्यांस नवा नाहीं. वर्षभर कडब्यावर आणि बांधाच्या गवतावर राबलेल्या बैलास श्रावणी अमावास्येला दारोदार पुरणपोळी भरवितात. देणाऱ्याचा हेतु प्रेमाचा असतो, परंतु गव्हाचें पीठ, गूळ व हरभऱ्याची डाळ यांचा मोठा भार एका संध्याकाळीं त्याच्या पोटांत जातो, आणि ज्याची पूजा झाली तोच दुसऱ्या दिवशीं मान टाकून बसतो.

आमच्या स्वतःच्या खळ्यावरही एकदां असा प्रसंग आला. ज्वारीची रास उघडी होती व रात्रीं एका बैलाचें दावें सुटलें. सकाळीं तो उभा होता, पाणीही भरपूर प्याला; तेव्हां आम्ही समजलों कीं संकट टळलें. तिसऱ्या प्रहरीं शेण पातळ व आंबूस वासाचें पडूं लागलें, डोळे खोल गेले, चालतांना झोकांड्या जाऊं लागल्या. दुसऱ्या दिवशीं पहाटे बैल गेला. बैल उभा दिसतो एवढ्यावर विसंबून आम्हीं अर्धा दिवस फुकट घालविला, ही चूक आमचीच.

धान्य हें विष नव्हे. मग असें कां व्हावें? रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात व वैरण पचविण्याचें खरें काम तेच करितात. कडबा खाणाऱ्या जनावराच्या पोटांत काडी पचविणाऱ्या जंतूंची वस्ती मोठी असते. त्यावर एकाएकीं धान्य पडलें, म्हणजे पिष्ट खाणारे जंतु भराभर वाढतात आणि दुग्धाम्ल तयार करितात. हें आम्ल खाऊन टाकणारेही जंतु आहेत, पण त्यांची वाढ सावकाश होते. त्यांस पुरेशी संख्या गांठावयास दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढा अवकाश न मिळाल्यास आम्ल सांचतें, पोटाचें चलनवलन थांबतें, अंगांतील पाणी पोटाकडे ओढलें जातें आणि शेवटीं आम्ल रक्तांत उतरतें. जें जनावर पंधरवड्यानंतर दोन किलो भरडा सुखानें पचवील, तेंच पहिल्या दिवशीं तेवढ्या भरड्यानें आजारी पडूं शकतें.

अमेरिकेंत नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास या प्रांतांत मांसासाठीं हजारों गुरें वाड्यांत कोंडून धान्यावर पोसतात. तेथील शेवटच्या खुराकांत वैरणीचा वांटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. तरी कुरणांतून आणलेलें जनावर ते लोक पहिल्याच दिवशीं त्या खुराकावर बांधीत नाहींत. निम्म्याच्या जवळपास वैरण ठेवून आरंभ करितात आणि सुमारें तीन आठवड्यांत पायरीपायरीनें धान्य वाढवितात. महाराष्ट्रांत 2015 पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे, तेव्हां तो धंदा आमचा नव्हे. परंतु त्यांची पायरी आमच्या गोठ्यासही लागू आहे.

आमच्याकडे ती सर्वांत जास्त उपयोगीं पडते बोकड पोसणारास. बकरी ईदेच्या आधीं दोनतीन महिने नेकनूरसारख्या बाजारांतून उस्मानाबादी बोकड आणावा, मका व पेंड चारावी आणि वजन वाढवून विकावा, हा व्यवहार अनेक घरीं चालतो. नुकसान होतें तें बहुधा पहिल्या आठ दिवसांत. माळावर पाला ओरबाडून वाढलेल्या बोकडापुढें घाईनें घमेलेंभर मका ठेवला जातो.

पंचवीस किलो वजनाच्या बोकडास पहिले तीन दिवस रोज पन्नास ग्रॅमच भरडा द्यावा आणि दर तीन दिवसांनीं पन्नास ग्रॅम वाढवावा; म्हणजे सोळाव्या दिवशीं तीनशें ग्रॅमपर्यंत पोंचतां येतें. ऊसतोडीवरून परतलेल्या हडकुळ्या बैलास अर्ध्या किलोपासून आरंभ करून तिसऱ्या तिसऱ्या दिवशीं पाव किलो चढवावा व दोन किलोवर थांबावें. तोही हंगामभर उसाच्या वाढ्यांवर राहिलेला असतो, हें विसरूं नये. रोजचा खुराक दोन वेळां विभागून द्यावा. आधीं कडबा, मग आंबोण; उपाशी पोटीं धान्य कदापि घालूं नये. दाणा जाडसर भरडावा, पीठ करूं नये. पीठ लवकर आंबतें, आणि त्यांतही गव्हाचें अधिक लवकर. शंभर किलो भरड्यांत एक किलो खाण्याचा सोडा मिसळल्यास आम्ल कांहीं अंशीं मारलें जातें, पण सोडा घातला म्हणून पायरी गाळतां येत नाहीं.

बोकडांस आणखी दोन धोके आहेत. आंत्रविषार हा रोग धान्यावर चढलेल्या, कळपांतील सर्वांत धष्टपुष्ट पिलासच प्रथम गांठतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्यावी. दुसरा मुतखडा. धान्यांत स्फुरद जास्त व चुना कमी असतो, त्यामुळें खच्ची केलेल्या बोकडाची लघवी अडते. क्षारमिश्रण, मीठ व मुबलक स्वच्छ पाणी हाच त्यावर तोडगा.

जनावरानें चोरून धान्य खाल्लेंच, तर तें आजारी दिसण्याची वाट पाहूं नये. लक्षणें उमटावयास बारा ते छत्तीस तास लागतात. धान्य ताबडतोब दूर करावें, एकदम पोटभर पाणी पाजूं नये, कोरडा कडबा पुढें टाकावा, थोडथोडें चालवीत राहावें आणि त्याच घटकेस पशुवैद्यास बोलवावें. किती खाल्लें व केव्हां खाल्लें हें त्यांस नीट सांगावें. वांचलेलें जनावरही पुढें कांहीं आठवडे खुरांनीं लंगडूं शकतें. त्यास इतक्यांत जूं लावूं नये.

मध्यें भरडा संपला, पाऊस लागला, चार दिवस खुराक बंद पडला, तर पुन्हां आरंभ पहिल्या मापाजवळूनच करावा. पोटांतील जंतु तेवढ्यांत ओसरलेले असतात. बाजारांत जनावर विकतांनाही घेणारास तें काय व किती खात होतें हें सांगून टाकावें. घेणारानें तें आपण होऊन विचारावें, आणि उत्तर न मिळाल्यास त्या जनावरानें दाणा कधीं पाहिलाच नाहीं असें धरून चालावें.