ओट्यावरची चांदणी गोधडीवर

शिंदखेड्यातल्या एखाद्या ओट्यावर रंगवलेली चांदणी गोधडीवर उतरवायची आहे, असे समजू. रंगवताना आकार कडेला कड लागून बसतात. कापडाची कड मात्र शिवणीत जाते. रंगीत आकाराच्याच मापाने तुकडे कापले, तर चांदणीची टोके शिवणीत गडप होतात.

३० सेमीच्या चौरसात १० सेमीची नऊ घरे आखा. कोपऱ्यांतील चार व मधले घर अखंड ठेवा; उरलेल्या चारांत फिरत्या दिशेने कर्ण काढा. पाच चौरस, आठ त्रिकोण मिळतील. शिवणीसाठी सर्व बाजूंनी १ सेमी सोडल्यास चौरस १२ सेमीचा कापावा लागतो. त्रिकोणाची काटकोनालगतची बाजू मात्र १३.४ सेमी हवी. कर्णावरच्या शिवणीमुळे वाढ २ ऐवजी २+√२ सेमी होते. विद्यार्थ्यांना आधी कागदावर आखून हे पडताळू द्या, मगच जुन्या लुगड्याला कात्री लावा.