लडाखच्या गोम्पांआधी कान्हेरी पाहा!

बोधगया, सारनाथबरोबर आपले तरुण आता लडाखलाही जाऊ लागले आहेत. परत आल्यावर एक प्रश्न हमखास निघतो: अनेक डोक्यांच्या, उग्र चेहऱ्यांच्या मूर्ती असलेला हा कुठला धम्म? बाबासाहेबांनी दिलेला तर नाही!

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुंबईतच आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघा, चर्चगेटहून बोरिवली गाठा आणि कान्हेरीचे ४१ क्रमांकाचे लेणे पाहा. तिथे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. लडाखी बौद्ध याच बोधिसत्त्वाला चेनरेझिग म्हणतात. अकरा मुखे म्हणजे सर्व दिशांचे दुःख पाहणारी करुणा. गोम्पांत दिसणारी तारा वेरूळच्या लेण्यांतही आहे. लडाखी लोक स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात, तसा प्रदक्षिणापथ कार्ल्याच्या चैत्यगृहातही आहे. महायान आणि वज्रयान आपल्याला परके वाटतात, पण त्यांच्या खुणा आपल्याच डोंगरांत आहेत.

मग २२ प्रतिज्ञांचे काय?

त्या आपल्या आहेत आणि आपण त्या पाळायच्या. गोम्पात कर्मकांड करण्याची सक्ती नसते. टोपी आणि बूट काढावेत, शांत बसावे, प्रार्थना चालू असताना मध्ये फिरू नये, फोटोआधी विचारावे. आल्चीच्या प्राचीन मंदिरांत तर आतील चित्रांचे फोटो काढायला मनाईच आहे. थिकसेतील मैत्रेयाची भव्य मूर्ती पाहून लगेच निघू नका. भिक्खूंशी बोला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडले ते सांगा आणि त्यांची परंपराही समजून घ्या.

पँगाँगची घाई नको

मच्छीमार नगर समुद्राला लागून, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने हा फरक काही तासांत पार होतो, शरीराला मात्र वेळ लागतो. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, दारू-सिगारेट टाळावी. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे आणि वाटेतली चांग ला खिंड ५,००० मीटरहून उंच. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरावे आणि डॉक्टर गाठावा. सरोवर सीमेवर असल्याने परवान्याचे चालू नियम आधी तपासावेत. तिथे कचरा टाकू नये. त्या भागात चांगपा पशुपालकांची जनावरे चरतात.

भेट का महत्त्वाची?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत, त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. संख्या आपल्याकडे आहे. हिमालयातल्या बौद्धांकडे शतकानुशतके अखंड चालत आलेली विहारांची परंपरा आहे. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत बौद्धांना आठपैकी चारच जागा दिल्या. हा प्रश्न एकट्या नवयानाचा किंवा एकट्या वज्रयानाचा नाही. पण एकमेकांच्या विहारांत पाऊलच न टाकणारे लोक एकत्र लढणार कसे? लडाखची सहल ठरवत असाल, तर त्यातला एक पूर्ण दिवस गोम्पातल्या संवादासाठी ठेवा.

जय भीम, नमो बुद्धाय!