इग्निशन कॉइलचा दोष: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोर्शे ९११ ही मोटार १९६३ मध्ये प्रथम लोकांसमोर आली आणि त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ तिचे इंजिन हवेनेच थंड होत राहिले. १९९७ मध्ये सादर झालेली आणि ९९६ या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाणारी पिढी ही पाण्याने थंड होणारे इंजिन लाभलेली पहिली ९११. तिच्या इंजिनाचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ओळींत समोरासमोर आडवे असून प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसवलेली असते. कॉइल म्हणजे एकाच लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेली तारेची दोन वेटोळी. कमी फेऱ्यांच्या प्राथमिक वेटोळ्यात बॅटरीच्या सुमारे १२ व्होल्ट दाबाने प्रवाह सोडला जातो. इंजिनाचा संगणक तो प्रवाह योग्य क्षणी एकदम तोडतो, तेव्हा चुंबकीय क्षेत्र विरून जाते आणि हजारो फेऱ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात, विद्युतचुंबकीय प्रवर्तनामुळे, वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोकांमधील फटीत ठिणगी पडते.

कॉइल निकामी झाली की गाडी सुरूच होत नाही, ही समजूत ज्या काळात एकच कॉइल डिस्ट्रिब्यूटरमार्फत सर्व सिलिंडरांना वीज पुरवीत असे त्या काळची आहे. ९९६ मध्ये एक कॉइल गेली तरी इंजिन उरलेल्या पाच सिलिंडरांवर चालत राहते. गाडी थरथरते, पिकअप घेत नाही, आणि गॅरेजच्या भाषेत तिचे ‘मिसिंग’ सुरू होते. चालते आहे म्हणून चालवत राहणे मात्र महागात पडते, कारण त्या सिलिंडरातील न जळलेले पेट्रोल धुरासोबत बाहेर पडून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणाऱ्या उत्प्रेरकाच्या डब्यात, जळते आणि आतील जाळीदार गाभा वितळण्याइतकी उष्णता निर्माण करते. इंजिनाचा इशारा देणारा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर नेमका हाच धोका सूचित होतो आणि अशा वेळी गाडी थांबवणेच शहाणपणाचे ठरते.

सर्वांत जास्त पैसे वाया घालवणारा गैरसमज स्कॅनरविषयीचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणाविषयीचा आहे. स्कॅनरने पी०३०४ हा कोड दाखवला की चौथ्या सिलिंडरची कॉइल गेली, असे सर्रास मानले जाते. वास्तविक संगणकाला कॉइलच्या आत काय घडते याची कल्पना नसते. क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग तो दातेरी चक्रावरील संवेदकाकडून सतत मोजत असतो, आणि चौथ्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग अपेक्षेइतका वाढला नाही एवढेच त्या कोडमधून कळते. कारण कॉइल असेल, झिजलेला प्लग असेल, तुंबलेला इंजेक्टर असेल किंवा दाब न धरणारी झडप असेल. याच्याच जोडीला काही वेळा मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचाही कोड उमटतो आणि इंधनपंपावर संशय जातो. परंतु ठिणगीच न पडल्यामुळे सिलिंडरातला प्राणवायू न वापरता बाहेर येतो, धुराच्या वाटेवरील ऑक्सिजन संवेदक त्यावरून मिश्रण विरळ असल्याचा निष्कर्ष काढतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. सिलिंडर ओळखण्यातही घोटाळा होतो: ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्या मागे, तर पोर्शेच्याच बॉक्स्टर या मोटारीत त्याच घराण्यातील इंजिन आसाच्या पुढे आणि उलट्या दिशेने बसवलेले असल्यामुळे पहिले तीन सिलिंडर ९११ मध्ये गाडीच्या डाव्या आणि बॉक्स्टरमध्ये उजव्या बाजूला येतात.

मल्टीमीटरने वेटोळ्याचा रोध योग्य दाखवला की कॉइल निर्दोष, हा निष्कर्ष अर्धवट असतो. तुटलेली तार या मोजणीत सापडते. पण मीटर जेमतेम काही व्होल्ट लावतो, तर विद्युतरोधक राळेतील सूक्ष्म भेग हजारो व्होल्टच्या दाबाखाली, आणि बहुधा कॉइल तापल्यावरच, प्रवाहाला आडवाट देते. काढलेली कॉइल हवेत ठिणगी पाडते म्हणून ती चांगली, हेही तितकेच फसवे आहे. फटीतील वायूचा दाब वाढला की ठिणगीसाठी लागणारे व्होल्टही वाढतात, हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले होते. इंजिन नुसते धडधडत उभे असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरात हवा थोडी येते आणि दुबळी कॉइलही निभावून नेते. तीच गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन नेली की संपीडनानंतरचा दाब कितीतरी वाढतो आणि वीज प्लगची फट सोडून भेगेतून थेट इंजिनाच्या धातूत उतरते. दोष शोधायचा तर ज्या स्थितीत तो प्रकट होतो तीच स्थिती निर्माण करणे आवश्यक असते. या इंजिनात कॉइल सिलिंडर हेडच्या बाजूला, खाली, एक्झॉस्टच्या उष्णतेत आणि चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या माऱ्यात असतात. त्यामुळे त्यांचे कवच तडकते आणि ओल्या हवेत मिसिंग वाढते. म्हणून कवचावरील भेगा व काजळीच्या रेषा डोळ्यांनी तपासणे हे मीटरपेक्षा अधिक बोलके ठरते.

खात्रीचा पुरावा देणारी पद्धत साधी आहे: संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर, समजा पाचव्यावर, आणि तिथली कॉइल चौथ्यावर बसवावी, प्लग मात्र हलवू नयेत. कोड पी०३०५ झाला तर दोष कॉइलसोबत गेला. पी०३०४ कायम राहिला तर पुढची पाळी प्लगची, आणि त्यानंतर इंजेक्टर व संपीडनाची. प्लग आणि कॉइल एकाच वेळी बदलून टाकले तर गाडी कदाचित सुधारते, परंतु कारण अज्ञातच राहते. चालू इंजिनावर कॉइल उपटून पाहण्याची जुनी सवय तर सोडलीच पाहिजे, कारण तिच्यात जबर झटक्याचा धोका आहे आणि वाट न मिळालेला उच्च दाब कॉइलचेच रोधक आवरण फोडू शकतो.

एक कॉइल गेली म्हणून सहाही बदलाव्यात का, याला एकच उत्तर नाही. बाकीच्यांवर भेगा दिसत असतील, तर हे दुर्गम काम दोनदा करण्यापेक्षा सर्व बदलणे रास्त ठरते. अन्यथा चांगला सुटा भाग टाकून देण्याचे कारण नाही. अधिक ‘शक्तिशाली’ कॉइलमुळे अश्वशक्ती वाढते हा दावा मूळच्या स्थितीतील इंजिनाला लागू होत नाही, कारण मिश्रण एकदा नीट पेटले की ठिणगीची जादा ऊर्जा त्याला काही देत नाही. याउलट, झिजून फट रुंदावलेले प्लग तसेच ठेवले तर नव्या कॉइलवरही अधिक व्होल्टचा ताण पडत राहतो.

बदलण्याचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होऊ शकतात. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवून मागची चाके काढावी लागतात, आणि ९९६ मध्ये पुरेशी जागा मिळण्यासाठी अनेकदा सायलेन्सरही उतरवावा लागतो. उष्णतेने ठिसूळ झालेल्या कनेक्टरची क्लिप जोराने ओढल्यास मोडते. प्लग ३० न्यूटन-मीटर आणि कॉइलचे स्क्रू १० न्यूटन-मीटर इतकेच आवळावेत. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचे बल मोजणारा पाना, वापरावा. प्लगच्या खोबणीत तेल आढळले तर ते कॉइलमधून गळले असा समज करून घेऊ नये. प्लगभोवतीच्या नळीची रबरी ओ-रिंग कडक झाल्याने इंजिनाचे तेल तिथे उतरते आणि नव्या कॉइलचे रबरही कालांतराने मऊ पाडते, म्हणून नळीच्या ओ-रिंगाही त्याच वेळी बदलाव्यात.

कोड पुसला आणि दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली, असेही धरून चालता येत नाही, कारण पुसण्याने केवळ नोंद नाहीशी होते. इंजिन पूर्ण तापवून, चढावर वरच्या गिअरमध्ये भार देऊन, मग स्कॅनरवर सिलिंडरवार मिसफायरचे आकडे पाहावेत. ते सर्व सिलिंडरांसाठी शून्यावर राहिले, तरच कॉइल बदलण्याचा निर्णय बरोबर होता असे म्हणता येते.