145 अश्वशक्तींचा लगाम

मोटरसायकल विकताना सर्वांत आधी सांगितला जातो तो अश्वशक्तीचा आकडा. तो मोजता येतो, जाहिरातीत छापता येतो आणि चहाच्या टपरीवर दुसऱ्याच्या गाडीशी ताडून पाहता येतो. गाडी वळणावर किती विश्वासाने झुकते, भर वेगात हँडल स्थिर राहते का, हे सांगणारा असा एकच एक आकडा नसतो. त्यामुळे ताकदीची कीर्ती आधी पसरते आणि ताब्याची चर्चा पुष्कळदा अपघातानंतर सुरू होते. या दोहोंचे नाते समजून घ्यायला जपानी कंपन्यांनी 1980 च्या दशकात, मुख्यतः अमेरिकी बाजारासाठी घडवलेल्या ‘मसल क्रूझर’ मोटरसायकली फार उपयोगी पडतात.

क्रूझर म्हणजे बुटक्या सीटची, लांबलचक, सरळ महामार्गावर ऐसपैस बसून चालवायची गाडी. हा घाट हार्ले-डेव्हिडसनमुळे रूढ झाला. जपान्यांनी त्यात शर्यतीच्या गाडीला शोभेल असे इंजिन बसवले. होंडाच्या ‘व्ही 65 मॅग्ना’चे इंजिन 1098 सीसीचे होते. कावासाकीने 1985 च्या ‘एलिमिनेटर 900’साठी आपल्या वेगवान जीपीझेड 900 आर या गाडीचे 908 सीसी इंजिन वापरले. एलिमिनेटर हे नाव आपल्याकडेही अपरिचित नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने कावासाकीच्या सहकार्याने 2001 साली एलिमिनेटर 175 आणली आणि त्याच वाटेने पुढे 2005 मध्ये ॲव्हेंजर आली. आपल्याकडे आली ती बैठक आणि ते रूप. मूळ गाडीची दांडगाई तिकडेच राहिली.

या दांडगाईचा कळस म्हणजे 1985 साली बाजारात आलेली यामाहाची ‘व्ही-मॅक्स’.

ताकद आली कुठून?

व्ही-मॅक्सचे इंजिन मुळात यामाहाच्या ‘व्हेंचर’ या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाडीचे. चार सिलिंडर, 70 अंशांच्या ‘व्ही’ आकारात मांडलेले, पाण्याने थंड होणारे. प्रकल्पप्रमुख अकिरा अराकी यांच्या चमूने ते 1198 सीसीवर आणखी तिखट केले आणि त्यात ‘व्ही-बूस्ट’ नावाची युक्ती बसवली.

ही युक्ती सोपी आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा एक कार्ब्युरेटर असतो. इंजिन सावकाश फिरत असताना तो पुरेसा होतो, पण वेगात फिरू लागले की सिलिंडरला श्वास कमी पडतो. व्ही-मॅक्समध्ये पुढच्या व मागच्या सिलिंडरच्या श्वासनलिका जोडणारा एक मार्ग आहे आणि त्यात एक झडप आहे. मिनिटाला सुमारे 6000 फेऱ्यांनंतर एक छोटी मोटर ही झडप उघडू लागते आणि 8000 पर्यंत ती पूर्ण उघडते. मग एकेका सिलिंडरला दोन-दोन कार्ब्युरेटरमधून मिश्रण मिळते. कंपनीने जाहीर केलेली ताकद होती 145 अश्वशक्ती. त्याच सुमारास आपल्या रस्त्यांवर धावू लागलेल्या मारुती 800 या चारचाकीची ताकद सुमारे 40 अश्वशक्ती होती. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, ही गाडी जागेवरून निघून साधारण 11 सेकंदांत पार करत असे.

सरळ रस्त्याचा हिशेब

इंजिनात ताकद असली म्हणजे ती रस्त्यापर्यंत पोचतेच असे नाही. जोरात रेस दिली की भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचे चाक उचलले जाते. गुरुत्वमध्य जितका खाली आणि मागच्या चाकापासून जितका पुढे, तितके हे उचलणे टळते. म्हणून व्ही-मॅक्सच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर 1590 मिलिमीटर ठेवले गेले. पेट्रोलची टाकी सीटखाली नेली. वर टाकीसारखे दिसते ते झाकण आहे आणि दोन्ही बाजूंचे चमकदार हवादानही निव्वळ शोभेचे. सरळ रेषेत सुसाट सुटण्यासाठी ही मांडणी अगदी बरोबर होती.

वळणाचा हिशेब

अडचण पुढे येते, कारण सरळ रस्त्यावर उपयोगी पडलेला प्रत्येक गुण वळणावर आपली किंमत मागतो.

एक साधे गणित करू. वळण घेताना गाडी किती झुकवावी लागेल हे दोनच गोष्टींवर ठरते: वेग आणि वळणाची त्रिज्या. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 60 किलोमीटर वेगाला सुमारे 30 अंश झुकावे लागते. वेग 80 केला की तोच कोन 45 अंशांवर जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि कोन दीडपट झाला. या गणितात अश्वशक्ती कुठेच नाही. बुटक्या क्रूझरचे फुटरेस्ट मात्र 45 अंशांच्या बरेच आधी रस्त्याला घासू लागतात.

दुसरी गोष्ट शाफ्टची. व्ही-मॅक्सचे मागचे चाक साखळीऐवजी शाफ्टने फिरते. देखभाल कमी, पण जुन्या रचनेच्या शाफ्टची एक खोड असते. रेस दिली की गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि सोडली की खाली बसतो. नवखा चालक वळणात घाबरला की नेमकी रेस सोडतो. त्याच क्षणी गाडी खाली बसते आणि घासायला उरलेली थोडी जागाही संपते.

तिसरी गोष्ट डोलण्याची. अडीचशे किलोंहून अधिक वजन, पुढे 40 मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा फोर्क, मागे दोन शॉक ॲब्सॉर्बर आणि या ताकदीच्या मानाने लवचीक लोखंडी चासी. फार वेगात, विशेषतः लांब वळणावर, अशी गाडी सापासारखी नागमोडी डोलू लागते. हँडल घट्ट आवळून हे थांबत नाही, उलट बळावू शकते.

तुलनेसाठी त्याच 1985 सालची सुझुकीची जीएसएक्स-आर 750 पाहा. ताकद साधारण 100 अश्वशक्ती, पण चासी ॲल्युमिनियमची, वजन 180 किलोंच्या आसपास आणि आसांमधले अंतर दीड मीटरच्या आत. कागदावर ती व्ही-मॅक्सपेक्षा दुबळी. वळणावळणाच्या रस्त्यावर तिला गाठणे व्ही-मॅक्सला अवघड.

यामाहाच्या अभियंत्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. 1993 मध्ये फोर्कच्या नळ्या 43 मिलिमीटरच्या केल्या आणि ब्रेकही सुधारले. तीन मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटते, पण नळीचा ताठपणा व्यासाच्या तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे इथे पाव ते एक तृतीयांश हिश्श्याने. तरी मूळ मांडणी 2007 पर्यंत तीच राहिली. पुढे 1679 सीसीची, सुमारे 200 अश्वशक्तीची नवी व्ही-मॅक्स आली तेव्हा तिला ॲल्युमिनियमची नवी चासी द्यावी लागली.

आज या जुन्या गाड्या हौसेने जपल्या जातात, विकत घेतल्या जातात. अशा गाडीची परीक्षा इंजिनाच्या आवाजावरून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. खरे तर आधी पाहायला हवीत ती हँडलची आणि मागच्या स्विंगआर्मची बेअरिंगे, टायरचे वय, शॉक ॲब्सॉर्बरचा जीव. ही झिजली की डोलणे लवकर सुरू होते. आणि चालवताना नियम एकच: वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात रेस हलकी आणि एकसारखी ठेवायची. चाळीस वर्षांच्या वापराने इंजिनातले दहा-वीस घोडे कमी झाले असतील तर त्याने कुणाचे बिघडत नाही. बेअरिंगमधली अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई मात्र जिवावर बेतू शकते.