बहिष्कार : मतावरचा आणि वर्तनावरचा

मराठीत 'बहिष्कार' हा एकच शब्द दोन परस्परविरोधी कृतींसाठी रूढ झाला आहे. गावाने वा जातीने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकणे हा बहिष्कार होय. आणि दुर्बलांनी बलवानाच्या मालाकडे पाठ फिरविणे हाही बहिष्कारच होय. पहिल्या अर्थाची वेदना 'बहिष्कृत' या विशेषणात साठलेली आहे, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकास 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. दुसरा अर्थ वंगभंगाच्या चळवळीत स्वदेशीच्या जोडीने घरोघर पोहोचला. इंग्रजी 'बॉयकॉट' शब्दाच्या जन्माची कथा या दुसऱ्या अर्थाची आहे. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांच्याशी कुळांनी व मजुरांनी सर्व व्यवहार तोडले आणि त्यांचे आडनावच क्रियापद होऊन बसले. रोष होता तो त्यांच्या मतांवर नव्हे. कुळांना जमिनीवरून काढण्यावर होता.

हा भेद ध्यानात घेतल्यावाचून आजच्या एका वादाचा उलगडा होत नाही. व्यवसायाच्या मालकाची सामाजिक मते पटत नाहीत म्हणून त्याच्या मालावर घातलेला बहिष्कार अल्पसंख्यांच्या उपयोगी पडतो काय, हा तो वाद. त्याची सर्वांत अधिक उदाहरणे अमेरिकेतील समलिंगी समाजाच्या इतिहासात सापडतात.

तत्पूर्वी तुलनेसाठी माँटगोमेरीचे उदाहरण घ्यावयास हवे. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस तेथील कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसगाड्यांत पाऊल ठेवले नाही. उतारूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश तेच होते. देशात अल्पसंख्य असलेला समाज त्या गाड्यांत बहुसंख्य होता. मागणीही आसनांच्या वाटपासंबंधी, म्हणजे वर्तनासंबंधी होती. तरीही नियम अखेर मोडला तो न्यायालयाच्या निकालाने, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

१९७७ साली फ्लोरिडातील डेड परगण्याने समलिंगी व्यक्तींविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारा नियम केला. त्याविरुद्ध मोहीम उभारणाऱ्या गायिका अनिता ब्रायंट या फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या रसाच्या जाहिरातीतील प्रसिद्ध चेहरा होत्या. देशभरच्या समलिंगी मद्यगृहांनी तो रस वर्ज्य केला. व्होडकात संत्र्याऐवजी सफरचंदाचा रस पडू लागला. परंतु ७ जूनच्या मतदानात तो नियम दोनास एकाहून अधिक मतांनी रद्द झाला. १९८० मध्ये ब्रायंट यांचा जाहिरातीचा करारही संपला, पण तसे संरक्षण परगण्यात परत येण्यास १९९८ साल उजाडावे लागले. दंड झाला, लाभ मात्र झाला नाही. फळबागायतदारांच्या हाती तो नियम कधीच नव्हता.

कूर्स या कोलोरॅडोतील बिअर कंपनीची हकीकत याहून बोधक आहे. मालक कुटुंबातील जोसेफ कूर्स यांनी १९७३ साली हेरिटेज फाउंडेशन या पुराणमतवादी संस्थेच्या स्थापनेस पैसा पुरविला होता. परंतु सॅन फ्रान्सिस्कोत वाद पेटला तो बिअर वाहून नेणाऱ्या चालकांच्या संपावरून. त्यांच्या संघटनेने हार्वी मिल्क यांच्याकडे पाठिंबा मागितला, तेव्हा त्यांनी मोबदलाही मागितला : समलिंगी व्यक्तींना चालकांच्या नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत. नोकरीपूर्वी असत्यशोधक यंत्रावर खाजगी आयुष्याविषयी प्रश्न विचारतात, ही कामगारांची तक्रार पुढे त्यात मिळाली. १९७८ मध्ये कंपनीने लैंगिक कलावरून भेदभाव न करण्याचे धोरण स्वीकारले. १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांनाही सवलती दिल्या. कुटुंबाच्या देणग्या मात्र पुराणमतवादी संस्थांकडे जातच राहिल्या. मत जागच्या जागी राहिले आणि नोकरीचा नियम बदलला. ज्याला चालकाची नोकरी हवी होती त्याच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा म्हणता येणार नाही. येथे कामगार संघटनेची जोड होती, हेही विसरून चालणार नाही. एकट्या समलिंगी ग्राहकांची संख्या त्यास पुरली असती असे वाटत नाही.

संख्येचा हा प्रश्न २०१२ साली उघडा पडला. चिक-फिल-ए या उपाहारगृहसमूहाचे प्रमुख डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध मत मांडले, बहिष्काराची हाक आली, आणि १ ऑगस्टला त्यांच्या समर्थकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. त्या दिवशी विक्रीचा विक्रम झाल्याचे कंपनीने जाहीर केले. विवाहाचा हक्क २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला.

बहिष्कारवाद्यांचा सर्वांत सबळ मुद्दा देणग्यांचा आहे. गल्ल्यात पडलेला पैसा आपल्याच विरोधी कार्यास जात असेल, तर तो का द्यावा? हा मुद्दा न्याय्य आहे. परंतु देणगी ही नुसते मत नव्हे, ती कृती आहे, आणि दबाव पडतो तो तिच्यावरच : २०१९ साली याच कंपनीने आपल्या देणग्यांचे धोरण बदलले.

मतासाठी माणसाचा व्यवहार तोडणे हे शस्त्र अल्पसंख्यांनी जपून उचलावे, याचे कारण शब्दाच्या पहिल्या अर्थात आहे. ते मुळात बहुसंख्यांच्या हातचे शस्त्र आहे. मुंबई इलाख्यातील स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात, अस्पृश्यांनी हक्क बजावू पाहताच गाव त्यांच्यावर बहिष्कार घालते, याची नोंद केली, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. मजुरी बंद, वाण्याकडून जिन्नस बंद, वाटा बंद. त्याच साली गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली गेली, तीत असा बहिष्कार दंडनीय अपराध ठरविण्याची मागणी होती. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र अधिनियम केला तो २०१६ चा. तो अंमलात आला २०१७ मध्ये.