बोलकी डबी

हैदराबादेत कोठीकडून मोअज्जम जाही मार्केटकडे जाताना जामबाग लागते. मराठी माणसाला हा भाग परिचित आहे तो विवेकवर्धिनी या जुन्या शिक्षणसंस्थेमुळे आणि फुलांच्या दुकानांमुळे. फुलांचा घाऊक व्यापार पुढे गुडीमल्कापूरला गेला; तरी देवपूजेसाठी, लग्नासाठी, तसेच आप्तांच्या कबरीवर वाहण्यासाठी फुले घ्यावयास लोक येथे येतात. अशा दुकानांतून हल्ली एक यांत्रिक स्वर वारंवार कानी पडतो: ‘चालीस रुपये प्राप्त हुए.’ आज या बोलक्या डबीविषयी थोडे सांगावयाचे आहे.

बोलणाऱ्या पेटीचे नवल हैदराबादेस नवे नाही. येथील नभोवाणी निझाम सरकारने १९३५ साली आपल्या हाती घेतली आणि १९५० साली ती आकाशवाणीत सामील झाली. परंतु रेडिओ सर्वांस एकच वार्ता सांगे. ही डबी एकाच दुकानदाराशी बोलते, आणि तेही केवळ त्याच्या पैशांविषयी.

तिच्या पोटात एक बॅटरी, एक लहानसा कर्णा आणि मोबाइलमध्ये असते तसलेच सिमकार्ड असते. गिऱ्हाईक काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनावर, म्हणजे क्यूआर कोडवर, मोबाइल धरते, रक्कम लिहिते आणि आपला गुप्त क्रमांक घालते. मग २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय या व्यवस्थेमार्फत दोन बँकांचा हिशेब क्षणात होतो, आणि पैसे जमा झाल्याची खबर कंपनीच्या संगणकाकडून थेट डबीकडे येते. दुकानदाराचा स्वतःचा मोबाइल घरी राहिला तरी अडत नाही. तो ठिपक्यांचा चौकोन मुळात जपानमधला. मासाहिरो हारा यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याकरिता तो तयार केला. त्यातील माहितीत मुद्दाम काही पुनरुक्ती ठेवलेली असते. त्यामुळे कागद थोडा भिजला वा फाटला तरी तो वाचता येतो.

फुले विकणाराचे हात दिवसभर ओले. ओल्या बोटांना मोबाइलची काच नीट दाद देत नाही. शिवाय गर्दीच्या वेळी आलेला संदेश वाचणार कोण, आणि ज्याला अक्षरओळखच नाही त्याने काय करावे? असा मनुष्य आजवर गिऱ्हाइकाने पुढे केलेल्या पडद्यावर विश्वास टाकी, आणि कोणी लबाड बनावट चित्र दाखवून हार घेऊन निघून जाई. आपल्या कमाईचा हिशेब दुसऱ्याकडून वाचून घेण्याची लाचारी या डबीने पुष्कळ कमी केली. ती तेलुगूत बोलते, मराठीतही बोलते. माझ्या मते तिचा खरा उपयोग हाच. बाकी सारी सोय. अर्थात ही सोय फुकटची नसते. बहुधा दरमहा भाडे खात्यातून परस्पर वळते होते, याची चौकशी आधीच केलेली बरी.

मात्र डबी गप्प राहिली म्हणजे पैसे आलेच नाहीत, असे समजू नये. मोबाइलचे जाळे मंदावले की तीही मुकी होते, आणि मग दुकानात ‘कापले गेले’ आणि ‘आले नाहीत’ यांचा वाद जुंपतो. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील बारा अंकी व्यवहार क्रमांक टिपून घ्यावा व खाते तपासावे. रक्कम वजा होऊनही दुकानदाराला पोच मिळाली नाही, तर ती पाच दिवसांच्या आत परत झाली पाहिजे आणि त्यापुढे दर दिवसास १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ सालचा नियम आहे. तो ठाऊक असणारे थोडे.

दुसरी लबाडी चिकटपट्टीची. रात्रीतून कोणी दुकानाच्या क्यूआर कोडवर आपला कोड चिकटवून जातो, आणि दिवसाची विक्री त्याच्या घरी जाते. येथे मात्र डबीचे मौनच साक्ष देते. सकाळी दुकान उघडताच घरच्या कोणाच्या मोबाइलवरून एक रुपया धाडून पाहावा. डबी बोलली तर ठीक.

आणि पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही लागत नाही. तो लागतो देण्यासाठी. ‘तुम्हांस पैसे पाठवतो, क्रमांक घाला,’ असे कोणी फोनवर म्हटले तर फोन ठेवावा. फसगत झालीच असेल तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.