गणवेश तोच, वचन नवं!

मुलांनो, ७ नोव्हेंबर हा भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा स्थापना दिवस. साल १९५०. पण गंमत पहा, भारतात स्काऊटिंग आलं १९०९ मध्ये! मग वाढदिवस इतका उशिराचा का बरं?

सुरुवातीची पथकं फक्त इंग्रजांच्या मुलांसाठी होती. म्हणून १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांची वेगळी पथकं काढली. पुढे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभारली. दोरीच्या गाठी सोडवण्यात सगळे तरबेज, पण एक गाठ काही सुटेना. स्काऊटच्या वचनात इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहायचं होतं. देश आपला आणि वचन परक्या राजाला? १९३८ मध्ये बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन केली.

तिकडे जपानमध्ये वेगळंच घडलं. तिथली स्काऊट संस्था १९२२ ची. १९४१ मध्ये ती मोडून मुलांना एका सरकारी युवक संघटनेत घातलं गेलं. देश युद्धात उतरला, १९४५ मध्ये हरला, शहरं बेचिराख झाली. तरीही जुन्या स्काऊटांनी पुन्हा पथकं जमवली आणि १९५० मध्ये जपान जागतिक स्काऊट परिवारात परतला. १९७१ मध्ये तर फुजी पर्वताच्या पायथ्याशी जागतिक जांबोरी भरली. सुमारे २४ हजार स्काऊट आले. मध्येच वादळ आलं, हजारो मुलांना तंबूंतून सुरक्षित जागी न्यावं लागलं. 'तयार' या ब्रीदाची परीक्षाच झाली!

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर राजाचा प्रश्नच मिटला. मग वेगवेगळ्या चुली कशाला? पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांनी पुढाकार घेतला. आमचा बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. तिथले राज्यपाल मंगलदास पक्वासा आणि नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश विवियन बोस हेही एकीसाठी झटले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी संस्था एक झाल्या. १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही आल्या. राजाच्या जागी वचनात देश आला.

स्काऊटच्या सलामीत तीन बोटं उभी असतात, ती वचनाच्या तीन भागांची आठवण. कब-बुलबुल असा नाहीतर स्काऊट-गाईड, वचन नुसतं पाठ करू नका. ते कुणाला देतो आहोत आणि का, हे आधी घरी, शाळेत विचारा. समजून दिलेलं वचनच पाळलं जातं, खरं ना?